न्हाणीच्या पाण्यावरील परसबाग

परसबागेचा विषय निघाला म्हणजे आमचे शेतकरी बंधु बहुधा हंसतात. "दहा एकरांचे धनी आम्ही, घरामागें मेथीचा वाफा करण्याची हौस आम्हांस कशाला?" असें ते विचारतात. ही हौस शहरांतील बंगलेवाल्यांची, असा समज सर्वत्र रुजला आहे. परंतु त्याच दहा एकरांच्या धन्याच्या घरीं आठवड्याच्या बाजारांतून पिशवीभर भाजी येते, ती तिसऱ्या दिवशीं सुकते, आणि पुढील बाजारापर्यंत पिठलें, बटाटा व डाळ यांवर घर चालतें, हें आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव फिरतांना पाहिलेलें आहे. शेतांत ऊंस, कपाशी किंवा सोयाबीन. घरामागें उकिरडा किंवा फरशी. आणि भाजी मात्र परक्याच्या मळ्यांतली, असा हा संसार चालला आहे.

दुसरी गोष्टहि तितकीच डोळ्यांत भरणारी आहे. त्याच घराच्या न्हाणींतून व मोरींतून रोज जें पाणी बाहेर पडतें, तें गल्लींत उतरतें. तेथें चिखल होतो, डुकरें लोळतात, डांस माजतात आणि शेजाऱ्याशीं तंटा होतो. ज्या पाण्यावर भाजी व्हावयाची त्या पाण्यावर आपण भांडण पिकवितों. घरांत नळ आल्यापासून तर हें सांडपाणी पुष्कळच वाढलें आहे. विहिरीवरून डोक्यावर हंडा आणणारी बाई तांब्यातांब्याचा हिशेब ठेवी. आतां तोटी सोडली कीं पाणी येतें, आणि आलें तें वाहून जातें. या लेखांत आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच कीं, हें वाहून जाणारें पाणी आणि घरामागें पडलेली जागा यांची नीट गांठ घालून दिली, तर पांच माणसांच्या घरची बहुतेक भाजी व थोडें फळ घरींच होतें. आणि हें काम घरच्या माणसांनीं दोन-चार दिवस खपून करण्यासारखें आहे.

आम्ही जन्मभर आंकडेमोड केलेले कारकून. तेव्हां प्रथम हिशेब मांडतों. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरलें आहे. पांच माणसांस २७५ लिटर झाले. पिण्यास, स्वयंपाकास, जनावरांस व शौचास लागणारें पाणी हात सैल सोडून वजा घातलें, तरी आंघोळ, भांडीं व धुणें मिळून १५० लिटर पाणी रोज बाहेर पडतें, असें धरण्यास हरकत नाहीं. महिन्याचे साडेचार हजार लिटर झाले. आतां खर्चाची बाजू. ऐन उन्हाळ्यांत वाढलेल्या केळीस रोज १५ ते २० लिटर पाणी पुरतें. म्हणजे चार केळी, पपईचीं दोन झाडें, एक लिंबू, एक शेवगा, अळवाचें एक आळें आणि कुंपणावर चढविलेले चार-सहा वेल इतका पसारा केवळ सांडपाण्यावर उन्हाळा काढूं शकतो. नळाच्या पाण्याचा एक थेंबहि त्यासाठीं निराळा खर्चावा लागत नाहीं.

जागा किती लागते? एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. जुन्या घरामागें इतकी जागा पुष्कळदां असते. नसली तर अर्ध्या गुंठ्यांतहि पुढील योजना थोडी आंखडून बसते. याहून मोठी बाग करूं नये, असें आमचें मत आहे. घरच्या बाईस सकाळचा अर्धा तास व धन्यास आठवड्याचा एक प्रहर, एवढ्यांत जी आटोपत नाहीं ती परसबाग राहत नाहीं, तें दुसरें शेत होतें, आणि दुसऱ्या शेतास मजूर लागतो.

या खटाटोपाची गरज काय, असें ज्यांस अजून वाटतें त्यांच्यासाठीं आणखी दोन आंकडे देतों. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराविषयीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत मोठ्या माणसास पालेभाजी धरून रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पांच माणसांस रोज दोन किलो! एवढी भाजी विकत आणून खाणारें शेतकऱ्याचें घर आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. दुसरा आंकडा असा कीं, २०१९ ते २१ या सालांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांचें रक्त कमी आढळलें. रक्त कमी होण्याचीं कारणें अनेक आहेत. केवळ भाजीनें तें भरून येईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आधीं पुरुषांस, मग मुलांस, आणि उरली तर बाईस भाजी, ही ज्या घरची रीत आहे, त्या घरीं भाजी बाजारांत असणें आणि परसांत असणें यांत फार अंतर पडतें. बाजारची भाजी मोजून येते. परसांतली बाई स्वतःच्या हातानें खुडते.

कोंकणांतील व गोमंतकांतील वाचकांस हें वाचून नवल वाटणार नाहीं. तिकडे न्हाणीच्या पाण्यावर माड व केळ वाढविण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आमच्या देशावर मात्र न्हाणीचें तोंड गल्लीकडे ठेवण्याची वाईट खोड लागली, आणि तिच्यामुळें उत्पन्न झालेले कागद आमच्या टेबलावरून पुष्कळ गेले. एका गांवीं दोघे चुलत भाऊ. थोरल्याच्या मोरीचें पाणी धाकट्याच्या दारावरून वाही. धाकट्यानें दगड रचून तें अडविलें, थोरल्यानें रात्रीं दगड काढले. मग अर्ज, जबाब, पंचनामा, पुन्हा अर्ज. दोन्ही घरच्या लग्नांत एकमेकांस अक्षत गेली नाहीं. बाहेरच्यास हा पोरखेळ वाटतो. परंतु धाकट्याची भीति अगदींच निराधार नव्हती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें एखाद्याच्या जागेंतून वीस वर्षें अखंड, उघडपणें व हक्क म्हणून पाणी सोडलें असेल, तर तो हक्क कायमचा होऊं शकतो. हें ज्यास कोणी सांगितलें त्याची झोंप उडते. सहा वर्षें हें प्रकरण चाललें. अखेरीस थोरल्याच्या सुनेनेंच तें मिटविलें. आम्ही स्थळपाहणीस गेलों असतां ती म्हणाली, "भाऊसाहेब, कागद राहूं द्या. मोरीचें तोंड मी माझ्याच परसाकडे फिरवून घेतें. नाहीं तरी सणावारीं केळीच्या पानांसाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागतें." तिनें तसें केलें. दीड वर्षानें केळीचा पहिला घड धाकट्या घरीं गेला. बोलणें मात्र अजून बेताचेंच आहे.

जागेविषयींच बोलतों आहों तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. शेतजमिनीस सर्व्हे नंबर, सात-बारा व हद्दीचे दगड आहेत. गांवठाणांतील घरांस व परसांस तसें मोजमाप बहुतेक खेड्यांत नव्हतें. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना जाहीर केली, आणि तिच्याखालीं ड्रोन उडवून गांवठाणांची मोजणी होऊं लागली. ज्या गांवीं मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालें आहे, तेथें तें काढून आधीं आपली हद्द पाहावी. जेथें झाली नसेल, तेथें शेजाऱ्यास समक्ष घेऊन दोन खुणा पुरून घ्याव्या, आणि मगच कुदळ हातीं धरावी. मोठें झाड हद्दीपासून पांच फूट तरी आंत असावें. आज वीतभर असलेलें रोप दहा वर्षांनीं शेजाऱ्याच्या भिंतींत मूळ घालील, हें लावणाऱ्याच्या लक्षांत राहत नाहीं, शेजाऱ्याच्या बरोबर राहतें.

आतां प्रत्यक्ष काम. प्रथम उतार पाहावा. पारदर्शक नळींत पाणी भरून तिच्या दोन्ही टोकांची पातळी पाहण्याची गवंड्यांची रीत सर्वांस ठाऊक आहे. तिनें न्हाणीच्या तोंडापासून परसाच्या टोंकापर्यंत पातळी घ्यावी. कच्च्या पाटास दर दहा फुटांस एक ते दीड इंच उतार पुरे. याहून अधिक दिला तर माती वाहते, कमी दिला तर पाणी तुंबतें. परसूं न्हाणीपेक्षां उंच असेल तर ही योजना बसणार नाहीं असें नव्हे. न्हाणीचा ओटा सहा-आठ इंच उंच करून घ्यावा लागतो, इतकेंच.

न्हाणीचें पाणी तसेंच झाडांच्या बुडाशीं सोडूं नये. भांड्यांचें तेल व साबणाची साय मातीवर बसली कीं महिन्या-दोन महिन्यांत आळें कातड्यासारखें होतें, आणि मग "सांडपाण्यानें झाड मेलें" असा बोभाटा होतो. यासाठीं मोरीच्या तोंडाशीं विटांची दोन खणांची लहान हौदी बांधावी; लांबी तीन फूट, रुंदी दीड फूट, खोली दीड फूट. दोन खणांमधील भिंतीस भोंक ठेवावें, तें तळाशीं नव्हे आणि वरच्या कांठाशींहि नव्हे, बरोबर मध्यें. तेलकट साय वर तरंगते, अन्नाचे कण व माती खालीं बसतात, आणि मधलें बरें पाणी पुढें जातें. वर घट्ट बसेल असें फरशीचें झांकण घालावें. दर आठवड्यास एक ठराविक वार धरून साय काढून खताच्या खड्ड्यांत टाकावी व गाळ उपसावा. हा आठवडा आम्ही हवेंतून सांगत नाहीं. डांसाच्या अंड्यापासून उडणारा डांस होण्यास उन्हाळ्या-पावसाळ्यांत सुमारें आठ-दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनीं हौदी रिकामी झाली तर आंतल्या अळ्यांची वाट तेथेंच बंद होते. घाण पाण्यांत वाढणारा डांस हत्तीरोग पसरवितो, आणि रांजणांतील स्वच्छ पाण्यांत होणारा डेंग्यू. तेव्हां त्याच वारीं रांजणहि घासून कोरडा करावा.

हौदीपुढें सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट खोल चर खणावा. तळाशीं विटांचे तुकडे किंवा खडी, वर वाळू, आणि तींत कर्दळीचे कंद दर फुटास एक असे लावावे. पाणी वाळूच्या खालून सरकलें पाहिजे, वर दिसतां कामा नये. कर्दळीचीं मुळें मळ अडवून धरतात आणि त्यांवर वाढणारे सूक्ष्म जंतु तो पचवितात. लाल-पिवळीं फुलें होतात तीं देवास मिळतात.

कर्दळीच्या चरापासून पाटाच्या दोन शाखा कराव्या, आणि कालव्यावर जशी पाळी असते तशी पाळी बांधून द्यावी. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. तोंडाशीं चिंध्यांचा बोळा किंवा लांकडी गुडदी पुरते. पाळीचें कारण असें कीं जमिनीस मध्यें श्वास घ्यावयास मिळाला पाहिजे. रोज त्याच आळ्यांत पाणी पडलें कीं मुळें कुजतात आणि दुर्गंधि सुटते. खूण सोपी आहे. आळ्यांत सोडलेलें पाणी अर्ध्या तासांत दिसेनासें झालें तर ठीक. न झालें तर आळें मोठें करावें, किंवा तेथें आणखी एक केळ लावावी. आळ्यांत पाचट, पालापाचोळा किंवा सोयाबीनचें भूस चार बोटें अंथरलेलें असावें.

धुण्याच्या पाण्याविषयीं विशेष सावध राहावें. कपड्यांच्या पुडींत सोडा असतो. तो काळ्या जमिनींत सांठत गेला म्हणजे माती चोपण होते. ओली असतां लोण्यासारखी, वाळली कीं दगडासारखी, आणि वर पांढुरकी खपली. कालव्याखालील शेतकऱ्यांस चोपण म्हणजे काय हें सांगावयास नको. म्हणून धुण्याचें पहिलें फेसाळ पाणी बागेस देऊं नये, तें शोषखड्ड्यांत सोडावें. खळबळण्याचें दुसरें-तिसरें पाणी मात्र खुशाल बागेस द्यावें. खपली दिसूं लागलीच तर त्या आळ्यास जिप्सम व भरपूर शेणखत देऊन पावसाळ्यांत धुऊन निघूं द्यावें. शौचकूपाचें पाणी या पाटास केव्हांहि मिळूं नये. तान्ह्या मुलाच्या दुपट्यांचें पाणी, आणि घरांत कोणास जुलाब किंवा कावीळ असेल तर त्याच्या वापराचें पाणी, हींहि शोषखड्ड्याकडेच वळवावीं.

शोषखड्डा म्हणजे चार फूट लांब, रुंद व खोल असा दगडगोट्यांनीं भरलेला खड्डा. नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघरीं असे खड्डे करून गटारें व डांस हटविले, आणि त्या कामाचा बराच बोलबाला झाला. तें काम चांगलेंच आहे. परंतु जेथें परसूं आहे तेथें सर्व पाणी खड्ड्यांत पुरून टाकणें आम्हांस उधळेपणाचें वाटतें. आधीं केळीस, आणि केळीस नको तें खड्ड्यास, असा क्रम असावा. मुरमाड जमिनींत खड्डा वर्षानुवर्षें चालतो. काळ्या जमिनींत तो लवकर कोंदतो, म्हणून तेथें दोन खड्डे आलटून-पालटून ठेवावे. विहीर किंवा बोअर यांपासून तो ५० फूट तरी दूर असावा.

लावणी करतांना तहान व सांवली या दोन गोष्टी पाहाव्या. सर्वांत तहानलेलीं झाडें पाण्याच्या उगमाजवळ. अळूं व केळ हीं कर्दळीच्या लगत. अळवास थोडी सांवली चालते, ती केळ देते. त्यापुढें पपई. हिला पाणी हवें पण पाय ओले नकोत. बुंध्याशीं पाणी सांठलें कीं ती कुजून आडवी होते, म्हणून मातीच्या उंचवट्यावर लावून पाणी भोंवतालच्या चरींतून द्यावें. एका जागीं तीन रोपें लावून, फुलें आल्यावर नराचीं झाडें काढून टाकावीं. लिंबास दुहेरी आळें करावें. आंतलें आळें कोरडें, पाणी बाहेरच्यांत. राहुरी कृषि विद्यापीठाची साई सरबती ही जात आमच्या भागांत बरी येते. शेवगा सर्वांत शेवटीं, पाण्यापासून लांब, कारण त्याचें थोडक्यावर भागतें. दापोलीची कोंकण रुचिरा किंवा तमिळनाडूंतील पेरियाकुलम्‌ची पी.के.एम. १ घ्यावी. शेवग्याचें लांकूड ठिसूळ. घराच्या पत्र्यावर फांदी मोडेल इतकें जवळ लावूं नये, आणि शेंगा संपल्या कीं दरसाल तीन-चार फुटांवर छाटावा, म्हणजे शेंगा हाताशीं राहतात. शेंगांहून आम्हीं पाल्यास अधिक मानतों, परंतु घरांतील तरुण मंडळींस तें पटविणें कठीण आहे.

उंच झाडें परसाच्या उत्तरेस व पश्चिमेस असावीं. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो व सांवली उत्तरेस पडते. दक्षिणेस शेवगा लावला तर नेमक्या भाजीच्या हंगामांत वाफे अंधारांत जातात. पश्चिमेची झाडें चैत्र-वैशाखांत दुपारचें ऊन अडवितात.

पालेभाजीचे वाफे निराळे, घराच्या दाराजवळ, सहा फूट लांब व तीन फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात पोंचतो व आंत पाय ठेवावा लागत नाहीं. या वाफ्यांस सांडपाणी मुळींच देऊं नये. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, कांद्याची पात, पुदिना हीं कच्चीं तोंडांत जाणारीं. त्यांवर न्हाणीचें पाणी घालणें म्हणजे रोगास आमंत्रण होय. त्यांच्यासाठीं तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी स्वयंपाकघरांतच एका बादलींत जमवावें. दोन-तीन वाफ्यांस तें पुष्कळ होतें. एकदम सर्व वाफे पेरूं नयेत. दर पंधरवड्यास एक पेरला म्हणजे मेथी महिन्याभरांत, कोथिंबीर दीड महिन्यांत, अशी एकामागून एक येत राहते. पालक, चुका व तांदळी कापून पुन्हा फुटतात.

बियाण्यासाठीं दर हंगामीं दुकानाची पायरी चढावी लागूं नये. प्रत्येक वेलावरचें एक निरोगी फळ खूण बांधून वेलावरच वाळूं द्यावें. बीं राखेंत घोळून मडक्यांत ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत किडीपासून बचाव करणारी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील (पूर्वींचा अहमदनगर) अकोले तालुक्यांत कोंभाळणे येथें राहीबाई सोमा पोपेरे यांनीं वाल, घेवडा व रानभाज्या यांचीं जुनीं वाणें याच रीतीनें राखलीं, आणि परसबागा करणाऱ्या बायकांस तीं वांटलीं. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांस पद्मश्री मिळाली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईनें जें केलें, त्यास मोठें भांडवल लागलें नाहीं. दरवर्षीं न चुकतां बीं धरणें लागलें.

खताचे खड्डे दोन करावे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल, लिंबाच्या किंवा शेवग्याच्या सांवलींत, घराच्या भिंतीपासून दूर. एक भरत असतां दुसरा पिकतो. इंदूरच्या संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्या साह्यानें जी रीत बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तिचें मर्म एवढेंच कीं काडीकचरा, शेण, मूत मुरलेली गोठ्यांतील माती व थोडी राख यांचे थर ओलसर ठेवावे आणि तीन वेळां वरखालीं करावे. तीन महिन्यांत खत होतें. ज्यास वरखालीं करण्याचा कंटाळा त्यानें पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांचें नाडेप टांकें बांधावें. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतींस हवेसाठीं भोंकें ठेवलेलें. त्यास थोडें शेण पुरतें, परंतु माती पुष्कळ व महिनाभर जास्त लागतो. एका गुंठ्याच्या परसास हें टांकें मोठें आहे. अर्ध्या मापाचेंहि चालतें.

कुंपणास तारेपेक्षां गिरिपुष्प बरें. पावसाळ्याच्या तोंडीं हाताएवढ्या काड्या फुटाफुटावर रोवल्या कीं लागतात. शेंगवर्गातील असल्यामुळें पाला खतास उत्तम. आंतून मेंदी किंवा करवंद घातलें तर शेळी शिरत नाहीं. कोंबड्यांस मात्र कोणतेंहि कुंपण पुरत नाहीं. वाफे नुकतेच पेरलेले असतां त्या आठवडाभर झांकून ठेवाव्या, किंवा वाफ्यांवर बाभळीच्या फांद्या पसराव्या.

हल्लीं घराभोंवतीं सिमेंटचे ठोकळे बसवून घेण्याची लाट आली आहे. पुढल्या अंगणांत ते जरूर बसवावे. धान्य वाळविण्यास व पावसांत चालण्यास सोईचे आहेत. परसांत बसवूं नयेत. वांटणी झाली कीं धाकट्या हिश्शाचें परसूं खोली बांधून भाड्यानें द्यावें, असाहि विचार कित्येकांच्या डोक्यांत येतो. ज्यास पोटाची अडचण आहे त्यास आम्ही काय सांगणार? परंतु जो केवळ टापटिपीसाठीं परसूं झांकून टाकतो, त्यानें आपल्या न्हाणीचें पाणी पुढें कोणाच्या दारांत जाणार, तें एकदां उभें राहून पाहावें.

कामाचा काळ वैशाख हा बरा. शेतांत सवड असते, माती कोरडी असते, आणि खणलेले खड्डे पंधरा-वीस दिवस उन्हांत तापून किडी मरतात. हौदी, कर्दळीचा चर व पाट हें सर्व मृगापूर्वीं पुरें करावें, आणि पहिला भरपूर पाऊस होऊन वाफसा आल्यावर केळी, पपई व शेवगा लावावा. वेलांचें बीं त्याच सुमारास टोंचावें. संततधार लागली कीं पाटाचें तोंड बंद करून सर्व सांडपाणी शोषखड्ड्यांत सोडावें, कारण त्या दिवसांत झाडांस तें नको असतें आणि आळ्यांत डबकीं होतात. आश्विनांत पाऊस सरतांच हौदी धुऊन, कर्दळ जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावी, छाटलेला पाला खड्ड्यांत टाकावा, आणि पाण्याची पाळी पुन्हा सुरू करावी.